व्यावसायिक फुटबॉल क्लबमधील मुख्य प्रशिक्षकपद : मुंबईचा अनुभव (२००५ ते २०२५)

प्रस्तावना :

वऱ्हाडात क्रीडाशिक्षणाचा विचार अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाला वगळून करता येत नाही. अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके घेऊन गेले होते. या परंपरेत शिकविणारा हा 'वस्ताद' असे. त्याचा आखाडा बदलत नसे, शिष्य बदलत. व्यावसायिक फुटबॉल क्लबचा मुख्य प्रशिक्षक हा याच्या नेमका उलट आहे. क्लब तोच राहतो, खेळाडूंचे करार तीन-चार वर्षांचे असतात आणि सर्वांत आधी जातो तो प्रशिक्षक. अमरावती व अकोला येथील महाविद्यालयांतून शारीरिक शिक्षणाची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यास हे पद कसे मिळते, कसे टिकते आणि कोणाला मिळत नाही, हे समजणे उपयुक्त आहे. त्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईचे आहे.

स्वदेशी प्रशिक्षकांचा काळ :

इंडियन सुपर लीगच्या आधी मुंबईच्या फुटबॉलवर कंपन्यांच्या संघांचे वर्चस्व होते. त्यांतील महिंद्रा युनायटेड या संघाने २००५-०६ चे राष्ट्रीय लीग विजेतेपद मिळविले, तेव्हा प्रशिक्षक होते गोव्याचे माजी बचावपटू डेरिक परेरा. २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. संघाची कामगिरी वाईट होती असे नव्हे, व्यवस्थापनाचे धोरण बदलले होते. प्रशिक्षकाचे भवितव्य मैदानावरच ठरते, हा समज या एका घटनेने दूर व्हावा. परेरा यांनी पुढे पुणे एफ. सी.ला २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेले.

शेजारच्या गोव्यात याच काळात एक वेगळे चित्र दिसते. डेम्पो क्लबने आर्मांदो कुलासो यांना सुमारे बारा वर्षे प्रशिक्षकपदी ठेवले आणि २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. मालक एक, प्रशिक्षक एक आणि खेळाडूही बहुतांशी गोव्यातच घडलेले. वस्तादाच्या परंपरेशी जवळीक सांगणारा हा भारतीय फुटबॉलमधील बहुधा शेवटचा मोठा नमुना होय.

मुंबईत त्याची छोटी आवृत्ती मुंबई एफ. सी. या क्लबने उभी केली. २००७ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबचे पहिले प्रशिक्षक इंग्लंडचे डेव्हिड बूथ होते. २००९ मध्ये दुखापतींमुळे खेळणे थांबवावे लागलेले त्याच क्लबचे खेळाडू खालिद जमील यांच्याकडे सूत्रे आली व २०१६ पर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. खर्च कमी, संघ साधा, उद्दिष्ट लीगमध्ये टिकून राहण्याचे. ते उद्दिष्ट त्यांनी वर्षानुवर्षे पूर्ण केले, पण विजेतेपद न मिळविणाऱ्या प्रशिक्षकाच्या या कामाची दखल सहसा घेतली जात नाही. २०१६ मध्ये त्यांना दूर करण्यात आले. पुढच्याच हंगामात, म्हणजे २०१६-१७ मध्ये, जमील यांनी मिझोरमच्या ऐझॉल एफ. सी.ला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले, मुंबई एफ. सी. त्याच लीगमध्ये तळाला गेला आणि त्यानंतर वरच्या पातळीवरील फुटबॉलमध्ये दिसला नाही.

नामवंतांचा काळ :

२०१४ मध्ये मुंबई सिटी एफ. सी. स्थापन झाला. पहिली इंडियन सुपर लीग ऑक्टोबर ते डिसेंबर अशी जेमतेम अडीच महिन्यांची होती. एवढ्या अवधीत खेळाची पद्धत घडविणे शक्य नव्हते, त्यामुळे प्रशिक्षक निवडताना त्याच्या नावाचे वजन पाहिले गेले. इंग्लंडचे माजी मध्यरक्षक पीटर रीड यांनी पहिला हंगाम सांभाळला. घरच्या मैदानावरील पहिल्या सामन्यात पुण्यावर ५-० असा विजय मिळाला, पण हंगामाअखेर संघ आठात सातवा होता. २०१५ मध्ये फ्रान्सचे निकोलस अनेल्का यांना खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही भूमिका देण्यात आल्या. संघ सहावा आला. अकरा जणांत स्वतः उतरणाऱ्याने बाकीच्यांचे मूल्यमापन करावे, ही रचना मुळातच अवघड होती.

२०१६ मध्ये अलेक्झांड्रे गिमारायस हे अनुभवी प्रशिक्षक आले. कोस्टारिकाच्या राष्ट्रीय संघाला त्यांनी २००२ व २००६ च्या विश्वचषकांत नेले होते. त्यांच्या संघाने १४ सामन्यांत २३ गुण मिळवून साखळीत पहिले स्थान पटकाविले, मात्र उपांत्य फेरीत कोलकात्याकडून एकूण ३-२ ने पराभव झाला. क्लबने प्रथमच प्रशिक्षक पुढील हंगामासाठी कायम ठेवला. लीग आता दहा संघांची व दीर्घ मुदतीची झाली होती. मुंबई सातव्या स्थानी घसरली. २००४ मध्ये युरोपचे अजिंक्यपद मिळविणाऱ्या पोर्तोचे कर्णधार जॉर्ज कोस्टा यांनी २०१८-१९ मध्ये संघाला तिसऱ्या स्थानी नेले. त्यानंतरच्या हंगामात संघ पाचवा राहिला आणि मार्च २०२० मध्ये तेही गेले. कोस्टा यांचे ऑगस्ट २०२५ मध्ये निधन झाले.

समूहाच्या पद्धतीचा काळ :

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. येथून प्रशिक्षकपदाचे स्वरूप पालटले. समूहाच्या सर्व क्लबांनी चेंडू ताब्यात ठेवून आक्रमण उभारण्याची एकच शैली अंगीकारावी, असे धोरण होते. साहजिकच त्या शैलीत बसणारा माणूस शोधला गेला. स्पेनचे सर्जिओ लोबेरा यांना गोव्याच्या क्लबने जानेवारी २०२० मध्ये, संघ गुणतक्त्यात वर असतानाच, काढून टाकले होते. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडा यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून सांभाळले व लीग शिल्ड गोव्याला मिळाली. लोबेरा मुंबईस आले तेव्हा अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमूस व मंदार राव देसाई हे गोव्यातील त्यांचे खेळाडूही मुंबईच्या संघात आले. प्रशिक्षकाची पद्धत ही खेळाडूंच्या पायांत असते, कागदावर नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल. करोनामुळे २०२०-२१ चा सगळा हंगाम गोव्यातच खेळला गेला. मुंबईने २० सामन्यांत ४० गुणांसह शिल्ड जिंकली आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथे एटीके मोहन बागानला २-१ ने हरवून चषकही घेतला. एकाच हंगामात दोन्ही मिळविणारा हा पहिला क्लब ठरला.

त्यानंतरच्या हालचाली सरकारी नोकरीतील बदलीची आठवण करून देतात. लोबेरा समूहाच्याच चीनमधील क्लबकडे गेले. त्यांच्या जागी आलेले डेस बकिंगहॅम समूहाच्या मेलबर्न सिटीतून आले. एप्रिल २०२२ मध्ये रियाध येथे इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवून त्यांच्या संघाने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळविला आणि २०२२-२३ ची शिल्ड ४६ गुणांसह जिंकली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते हंगामाच्या मध्यावर इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. असा बदल पूर्वीच्या व्यवस्थेत संघाला महागात पडला असता. येथे पुन्हा मेलबर्नहूनच चेक प्रजासत्ताकाचे पेट्र क्रॅटकी आले, शैली तीच राहिली आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून मुंबईने चषक जिंकला. पुढील हंगामात मात्र सहाव्या स्थानी राहिलेल्या संघाला बाद फेरीत बंगळुरूने ५-० असे नमविले. व्यवस्था चांगली असली तरी ती दरवर्षी फळ देतेच असे नाही.

परवाना आणि भारतीय प्रशिक्षक :

रीड यांच्यापासून क्रॅटकी यांच्यापर्यंत कायमस्वरूपी नेमणूक झालेल्या या सात जणांत एकही भारतीय नाही. गुणवत्तेचा अभाव हे कारण पुरेसे नाही, हे परेरा, कुलासो आणि जमील यांच्या कामगिरीवरून दिसते. एक अडथळा परवान्याचा आहे. आशियाई महासंघाच्या व्यवस्थेत डी, सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या आहेत व दोन पायऱ्यांमध्ये प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा अनुभव दाखवावा लागतो. वरच्या लीगमधील मुख्य प्रशिक्षकास प्रो परवाना लागतो. बी.पी.एड. किंवा एम.पी.एड. पदवी यांपैकी कोणत्याही पायरीची जागा घेत नाही. वऱ्हाडातील विद्यार्थी या मुद्द्यावर हमखास अडतो : पदवी हाती असते, मुले शिकविण्याचा अनुभवही असतो, पण परवान्याची शिडी त्याने चढायला सुरुवातच केलेली नसते. वरच्या पायऱ्यांसाठी लागणारा अनुभव ज्या क्लबांत मिळतो, ते क्लब अमरावती-अकोल्यापासून दूर आहेत.

दुसरा अडथळा मालकांच्या धारणेचा. परदेशी प्रशिक्षक अपयशी ठरला तर निवड चुकली असे म्हणतात. भारतीय प्रशिक्षक अपयशी ठरला तर भारतीय प्रशिक्षकच चालत नाहीत, असा निष्कर्ष निघतो. या धारणेला तडा गेला तो हंगामी नेमणुकांतून. जमील यांनी २०२०-२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडला हंगामी प्रशिक्षक म्हणून बाद फेरीत नेले आणि २०२१ मध्ये तेथेच ते सुपर लीगमधील पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. मिरांडा यांनी २०२३ मध्ये ओडिशाला सुपर चषक मिळवून दिला, तोही हंगामी जबाबदारीवर असताना. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी ज्यांची नेमणूक झाली, ते खालिद जमील म्हणजे मुंबई एफ. सी.ने नऊ वर्षांपूर्वी दूर केलेले प्रशिक्षक होत.