राजाने नाकारलेले चुंबन

हिवाळ्याचे दिवस. लंडनच्या रस्त्याने दोन घोडेस्वार शेजारी शेजारी चालले आहेत. एक इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, आणि त्याच्या बरोबरीने त्याचा चॅन्सलर थॉमस बेकेट. समोरून फाटक्या कपड्यातला एक म्हातारा कुडकुडत येतो. याला एखादा जाडजूड, उबदार झगा दिला तर केवढे पुण्य पदरात पडेल, असे राजा म्हणतो. चॅन्सलर मान डोलावतो. मग ते पुण्य तुझेच, असे म्हणून राजा त्याच्या अंगावरच्या झग्याला हात घालतो. झगा नवाकोरा, किरमिजी रंगाचा, आतून करड्या फरचे अस्तर लावलेला. बेकेट तो सोडायला तयार नाही. दोघांची अशी काही ओढाताण होते की घोड्यांवरून खाली पडायचेच बाकी राहतात. मागचे सेवक धावत येतात आणि बघतच राहतात. शेवटी बेकेट हात सैल सोडतो आणि तो राजेशाही झगा म्हाताऱ्याच्या खांद्यावर जातो.

बेकेटच्या हाताखाली काम केलेल्या विल्यम फिट्झस्टीफनने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. हाच राजा, हाच थॉमस. आणि २९ डिसेंबर ११७० रोजी या राजाच्या चार सरदारांनी या थॉमसचे डोके त्याच्याच कॅथेड्रलमध्ये तलवारीने फोडले.

इतिहासाच्या पुस्तकांत या प्रकरणाला राजसत्ता विरुद्ध धर्मसत्ता असे नाव आहे, आणि ते खोटे नाही. पण बेकेटच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच त्याची बरीच चरित्रे लिहिली गेली. ती लिहिणाऱ्यांपैकी काही जण त्या दिवशी कॅथेड्रलमध्ये हजर होते. त्यांचे लिखाण वाचले की एक गोष्ट मनात रुतून बसते. कायद्याचा वाद मिटण्याजोगा होता, एकदा तर तो जवळजवळ मिटलाच होता. मिटले नाही ते दोन माणसांमधले दुखणे.

हेन्री ११५४च्या डिसेंबरमध्ये गादीवर आला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्याच्या आधीच्या राजाची कारकीर्द यादवीत गेली होती. जागोजागी उमरावांनी परवानगीशिवाय किल्ले बांधले होते आणि न्याय ज्याच्या हाती तलवार त्याचा झाला होता. ही घडी पुन्हा बसवायची हा हेन्रीचा ध्यास होता. स्कॉटलंडच्या सीमेपासून फ्रान्सच्या दक्षिणेला पिरेनीज पर्वतापर्यंत पसरलेला मुलूख तो घोड्याच्या पाठीवरूनच सांभाळत असे. एका जागी बसणे त्याला ठाऊक नव्हते आणि राग आला की तो स्वतःला आवरू शकत नसे.

थॉमस त्याच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. लंडनच्या चीपसाइड या बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. शिकून तो कँटरबरीचा आर्चबिशप थिओबाल्ड याच्या पदरी राहिला आणि त्याच्याच शिफारशीने ११५५मध्ये चॅन्सलर झाला. म्हणजे राजाचा शिक्का, राजाची पत्रे आणि राजाचा विश्वास, सगळे त्याच्या हाती. मराठी वाचकांना बेकेट भेटला तो बहुधा वि. वा. शिरवाडकरांच्या 'बेकेट' या नाटकामुळे. मुळात ते फ्रेंच नाटककार झां आनुई यांचे. त्या नाटकात बेकेट हा जिंकलेल्या सॅक्सन जमातीतला आणि राजा जिंकणाऱ्या नॉर्मनांचा. रंगमंचावर या विरोधाने संघर्षाला धार येते, पण खरा बेकेट नॉर्मन घराण्यातलाच होता. त्याला राजापासून वेगळे करणारी गोष्ट जात नव्हती, जन्माची पायरी होती. तो व्यापाऱ्याचा पोर होता आणि दरबारातल्या उमरावांना ते कधीच विसरता आले नाही.

चॅन्सलर बेकेटचा थाट राजालाही मागे टाकणारा होता. ११५८मध्ये राजपुत्राच्या सोयरिकीची बोलणी करायला तो पॅरिसला गेला. त्या मिरवणुकीच्या पुढे अडीचशे पायदळ सेवक गात चालले होते, मागे पाच-पाच घोड्यांच्या आठ गाड्या होत्या, त्यांतल्या दोन केवळ बिअरच्या, आणि सामानाच्या घोड्यांवर एकेक माकड बसवलेले होते. चॅन्सलरच हा असा, तर राजा कसा असेल, अशी चर्चा फ्रेंच लोक करू लागले. दुसऱ्या वर्षी तुलूझच्या मोहिमेत तो स्वतःच्या पदरचे सातशे स्वार घेऊन राजासाठी लढायला गेला. चर्चचा सेवक असूनही चर्चवर कर बसवताना त्याने हात आखडता घेतला नाही.

म्हणूनच ११६१मध्ये थिओबाल्ड वारल्यावर हेन्रीला वाटले की आता सगळेच साधेल. आपलाच माणूस आर्चबिशपच्या आसनावर बसला की राज्य आणि चर्च एका मुठीत. २ जून ११६२ रोजी बेकेटला पाद्री म्हणून दीक्षा मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला. थोड्याच दिवसांत त्याने राजाचा शिक्का परत पाठवला. चॅन्सलरपद नको, असा निरोप. हेन्रीच्या हे जिव्हारी लागले. ज्याला आपण वाढवले, त्याने आपल्याला न विचारता आपल्या घरातून पाय काढला, ही भावना त्याच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही.

बेकेट असा का बदलला? ढोंग, अहंकार, साक्षात्कार, अशी नाना उत्तरे तेव्हापासून दिली जात आहेत. या लेखकाला वाटते, तो फारसा बदललाच नव्हता. हाती घेतलेले काम तो नेहमी पूर्ण ताकदीने आणि चारचौघांच्या डोळ्यांत भरेल असेच करायचा. राजाचा माणूस होता तेव्हा तो पुरता राजाचा होता. आता तो देवाचा माणूस झाला होता.

ठिणगी पडली ती गुन्हेगार पाद्र्यांवरून. त्या काळी चर्चची स्वतःची न्यायालये होती आणि डोक्यावर धर्मसेवेची खूण म्हणून केस भादरलेला कोणीही, मग तो साधा लेखनिक का असेना, त्यांच्याच पुढे उभा राहायचा. ही न्यायालये रक्त सांडणारी शिक्षा देत नसत. फिलिप द ब्रॉय या बेडफर्डच्या धर्मसेवकावर एका सरदाराच्या खुनाचा आरोप होता. चर्चच्या न्यायालयात तो शपथेवर सुटला. राजाच्या न्यायाधीशाने खटला पुन्हा काढायचा प्रयत्न केला तेव्हा फिलिपने त्यालाच शिव्या घातल्या. बेकेटने शिव्यांबद्दल त्याला शिक्षा केली, पण खुनाचा खटला पुन्हा उघडायला ठाम नकार दिला.

हेन्रीचे म्हणणे असे होते: दोष चर्चनेच ठरवावा, दोषी माणसाचे धर्मपद काढून घ्यावे आणि मग सामान्य माणूस म्हणून त्याला राजाच्या हवाली करावे. आजच्या वाचकाला हे पटते, आणि पटायलाच हवे. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला त्याने न्याय मागायचा कुणाकडे? पण बेकेटच्या उत्तरातही जीव होता. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नको, असे तो म्हणत होता. आणि त्याहून मोठा मुद्दा असा की, ज्या राज्यात राजाच्या इच्छेला अडवणारे दुसरे काहीच नाही, तिथे चर्चनेही मान तुकवली तर राजाला थांबवणार कोण?

जानेवारी ११६४मध्ये क्लॅरेंडनच्या राजवाड्यात हेन्रीने सोळा कलमे लिहून काढली. पूर्वजांच्या चालीरीती असे त्यांना नाव दिले. राजाच्या परवानगीशिवाय बिशपने देश सोडायचा नाही, परस्पर पोपकडे दाद मागायची नाही, बिशपचे आसन रिकामे असेल तोवर तिथले उत्पन्न राजाचे. दडपणाखाली बेकेटने तोंडी होकार दिला, शिक्का मात्र मारला नाही आणि नंतर त्या होकाराचाही त्याला पश्चात्ताप झाला. ऑक्टोबरमध्ये नॉर्दॅम्प्टनला त्याच्यावर खटला उभा राहिला. चॅन्सलर असतानाच्या पैशांचा हिशेब मागितला गेला. शेवटच्या दिवशी तो स्वतःच्या हाती क्रूस धरून किल्ल्यात शिरला आणि निकाल न ऐकताच बाहेर पडला. रात्री वेष पालटून तो निसटला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका लहानशा होडीतून समुद्र ओलांडून फ्रान्सकडे गेला.

पुढची सहा वर्षे परदेशात गेली. इकडे हेन्रीने बेकेटच्या नातेवाइकांना आणि आश्रितांना, बायका-मुलांसकट, देशाबाहेर हाकलले. बेकेटने राजाच्या माणसांना धर्मबहिष्कृत केले. फ्रान्सचा राजा सातवा लुई आणि पोप तिसरा अलेक्झांडर समेटासाठी खटपट करत राहिले. पोप स्वतःच जर्मन सम्राटाच्या वैरामुळे रोम सोडून आलेला; त्याला हेन्रीशी पुरते तोडणे परवडणारे नव्हते.

नोव्हेंबर ११६९. पॅरिसजवळची मोंमार्त्रची टेकडी. जमिनी परत करायचे ठरले. बेकेटने परत यायचे ठरले. वादग्रस्त शब्द दोघांनीही बाजूला ठेवले. उरली एकच गोष्ट. भांडण मिटले की दोन्ही पक्षांनी सर्वांसमक्ष एकमेकांचे चुंबन घ्यायचे, अशी त्या काळची रीत होती. ते शांतीचे चुंबन म्हणजे केवळ उपचार नव्हता. आपल्याकडे बेलभंडारा उचलून घेतलेल्या शपथेला जे वजन, ते त्याला होते. चुंबन दिलेल्या माणसावर हात टाकणे म्हणजे महापाप. बेकेटने ते मागितले. हेन्री म्हणाला, बाकी सगळे देतो, एवढे देता येणार नाही. रागाच्या भरात मी शपथ घेतली आहे की याला कधीही चुंबन देणार नाही. दोन राज्यांच्या मुत्सद्द्यांनी वर्षानुवर्षे केलेले काम त्या एका नकारावर फिसकटले.

पुढच्या जूनमध्ये हेन्रीने आपल्या मुलाचा राज्याभिषेक यॉर्कच्या आर्चबिशपकडून करवून घेतला. राज्याभिषेक हा कँटरबरीचा मान. पोपचाही संताप झाला, तेव्हा हेन्रीला नमते घ्यावे लागले. २२ जुलै ११७० रोजी फ्रेतव्हालच्या माळावर दोघे भेटले. घोड्यांवर बसूनच बराच वेळ दोघेच बोलत राहिले. बेकेट खाली उतरला तेव्हा राजाने स्वतः त्याची रिकीब धरून त्याला पुन्हा घोड्यावर चढवले. पाहणाऱ्यांना जुने दिवस आठवले असतील. पण चुंबन तेव्हाही झाले नाही. त्यानंतर दोघे एकदा एकाच प्रार्थनेला हजर राहणार होते. नेहमीच्या मासमध्ये शांतीचे चुंबन द्यावे लागते, म्हणून हेन्रीने त्या दिवशी मुद्दाम मृतांसाठीचा मास ठेवायला लावला. त्यात ते नसते.

१ डिसेंबरला बेकेट सँडविच बंदरात उतरला. लोक किनाऱ्यावर गुडघे टेकून बसले होते. पण राज्याभिषेकात भाग घेतलेल्या तीन बिशपांवरची कारवाई मागे घ्यायला तो तयार नव्हता. ते तिघे नॉर्मंडीत राजाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. हेन्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका हलक्या कुळातल्या पाद्र्याने माझी अशी विटंबना करावी आणि माझे मीठ खाणारे तुम्ही सगळे बघत बसावे, अशा अर्थाचे काहीतरी तो भर दरबारात ओरडला. त्याने हुकूम दिला नव्हता. चौघांनी तो हुकूम समजला आणि गुपचूप घोडे काढले: रेजिनाल्ड फिट्झअर्स, ह्यू द मोरव्हिल, विल्यम द ट्रेसी आणि रिचर्ड ल ब्रेटन.

२९ डिसेंबर, मंगळवार. दुपारी ते बेकेटच्या खोलीत आले, वाद घातला आणि हत्यारे आणायला बाहेर गेले. भिक्षूंनी बेकेटला ढकलत, ओढत कॅथेड्रलमध्ये नेले. आत सायंप्रार्थना चालू होती. भिक्षू दाराला अडसर घालू लागले तेव्हा त्याने त्यांना अडवले. चर्च म्हणजे किल्ला नव्हे, असे तो म्हणाला. सरदार आत घुसले. त्याला बाहेर खेचायचा प्रयत्न झाला, तेव्हा त्याने खांबाला धरून फिट्झअर्सला धक्का दिला आणि शिवीही हासडली. शेवटच्या क्षणीही तो चीपसाइडचा थॉमस होता. मग वार पडले. एडवर्ड ग्रिम हा पाहुणा म्हणून आलेला धर्मसेवक मध्ये पडला आणि त्याचा हात जवळजवळ तुटला. ल ब्रेटनचा घाव इतक्या जोराने बसला की फरशीवर आपटून तलवारीचे टोक मोडले.

रात्री भिक्षू प्रेत तयार करायला बसले. वरचे झगे एकेक करून काढले, आणि अगदी आत, कातडीला लागून, बोकडाच्या केसांचे खरखरीत वस्त्र निघाले. त्यात उवा वळवळत होत्या. त्या मठातल्या अनेकांना आपला हा थाटमाटाचा आर्चबिशप मनापासून आवडत नव्हता. एकेकाळी किरमिजी झगा सोडायला तयार नसलेल्या या माणसाने अंगाला हे वस्त्र कधी लावले, ते त्यांना कळलेही नव्हते. तिथे रडारड सुरू झाली. गावातल्या लोकांनी फरशीवरच्या रक्तात कपड्यांची टोके बुडवून घेतली. दोन वर्षे आणि काही आठवड्यांत, फेब्रुवारी ११७३मध्ये, पोपने त्याला संत ठरवले.

बातमी ऐकून हेन्री तीन दिवस दार लावून बसला, अन्नाला शिवला नाही. राजकारण म्हणून किती आणि दुःख म्हणून किती, हे वेगळे काढता येत नाही. दोन्ही खरे असावे. ११७३मध्ये त्याच्या मुलांनी आणि राणी एलिनॉरने त्याच्याविरुद्ध बंड केले. सगळीकडून कोंडी झाली तेव्हा, १२ जुलै ११७४ रोजी, तो कँटरबरीत शिरला. गावाच्या वेशीबाहेरच्या सेंट डन्स्टनच्या चर्चपाशी त्याने बूट काढले आणि अनवाणी चालत तो थॉमसच्या थडग्याशी गेला. पाठ उघडी करून त्याने बिशपांकडून आणि भिक्षूंकडून छड्या खाल्ल्या. ती रात्र त्याने दगडी फरशीवर उपाशी काढली. दुसऱ्याच दिवशी त्याच्या शत्रूला सामील झालेला स्कॉटलंडचा राजा अ‍ॅल्निकजवळ कैद झाला. थॉमसने क्षमा केली, असेच सर्वांनी मानले.

आणि तो मूळ वाद? गुन्हेगार पाद्र्यांच्या बाबतीत हेन्रीला मुख्यतः माघार घ्यावी लागली. ती सवलत पुढे इतकी पसरली की बायबलमधला उतारा वाचून दाखवता आला तर सामान्य माणूसही फाशीतून सुटू लागला. नाटककार बेन जॉन्सन १५९८मध्ये एका खुनातून असाच सुटला, अंगठ्यावर डाग घेऊन. ही सवलत १८२७मध्ये रद्द झाली. फिलिपने मारलेल्या सरदाराच्या माणसांना मात्र यातून काहीच मिळाले नाही. बेकेटचे धैर्य मानतानाही ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

साडेतीनशे वर्षांनी दुसऱ्या एका हेन्रीला हा थॉमस पुन्हा आडवा आला. आठव्या हेन्रीने पोपशी नाते तोडून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख म्हणवून घेतले. ते मान्य न करणारा त्याचा माजी चॅन्सलरही थॉमसच होता, थॉमस मोर, आणि तोही चीपसाइडच्याच गल्लीत जन्मलेला. ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. बेकेटच्या अस्थी नव्या समाधीत नेल्याचा सण ७ जुलैला असे. सणाच्या आदल्या दिवशी मरण यावे हे आपल्याला फार योग्य वाटते, असे मोरने मुलगी मार्गारेटला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात म्हटले होते.

१५३८मध्ये राजाने कँटरबरीची समाधी फोडून सोने-रत्ने लुटली. बेकेट संत नव्हे, त्याच्या प्रतिमा काढा, प्रार्थनेच्या पुस्तकांतून त्याचे नाव पुसा, असा जाहीरनामा निघाला. त्या काळची हस्तलिखिते आजही ग्रंथालयांत आहेत. काहींमध्ये ते पान खरवडून कोरे केलेले दिसते. काहींमध्ये मात्र नावावरून एकच बारीक रेघ ओढली आहे, आणि तिच्याखालचे 'थॉमस' स्वच्छ वाचता येते.