सहा तालुक्यांची कसोटी

नवा ऑनलाइन फॉर्म तयार झाला की तो चालतो का, हे पाहायला डेव्हलपर नावाच्या रकान्यात काय टाकतो? बहुतेक वेळा ‘टेस्ट’, नाहीतर हाताला येतील ती चार इंग्रजी अक्षरं. फॉर्म चालतो, चहा घेतला जातो. मग पहिला खरा माणूस आपल्या गावाचं नाव मराठीत टाकतो आणि गडबड कळते.

यावर माझा साधा उपाय आहे. ‘टेस्ट’ऐवजी वाशीम जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं टाकायची. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आहेत: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. मराठी सॉफ्टवेअर ज्या ज्या जागी अडखळतं, त्यातल्या बऱ्याचशा जागा या सहा नावांत सापडतात.

वाशीम: एका गावाच्या दोन वेलांट्या

शाळेतला नियम सांगतो, अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ, म्हणून ‘वाशीम’. जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर मात्र ‘वाशिम’. माणूस दोन्ही वाचतो आणि पुढे जातो. संगणकाच्या लेखी हे दोन निराळे शब्द आहेत. एकाने नोंद दीर्घ वेलांटीने केली आणि दुसऱ्याने ह्रस्व वेलांटीने शोधली, तर उत्तर येतं: ‘काहीही सापडलं नाही.’

वाकाटकांच्या काळी हे नगर वत्सगुल्म होतं, इंग्रजांच्या दप्तरात ते ‘बासिम’ झालं. नावं बदलतात, लेखन डळमळतं. ते सांभाळून घेणं शोधयंत्राचं काम. म्हणून प्रत्येक नावाची एक दुय्यम नोंद ठेवावी, जिच्यात ह्रस्व-दीर्घ एकच धरलेलं असतं. शोध त्या नोंदीत घ्यायचा आणि पडद्यावर मूळ नाव दाखवायचं. आणखी एक गंमत पाहा: ‘वाशी’ एवढं टाकताच पर्यायांची यादी नवी मुंबईकडे धावते. यादीत वाशीम कितव्या क्रमांकावर येतं, हेही तपासायला हवं.

रिसोड: वेलांटीची अदलाबदल

‘रि’ पडद्यावर दिसतो तेव्हा वेलांटी ‘र’च्या डावीकडे असते. युनिकोडमध्ये मात्र साठवण्याचा क्रम उच्चाराचा आहे: आधी ‘र’, मग वेलांटी. ही अदलाबदल अक्षरजुळणी करणारा प्रोग्रॅम करतो. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये हे काम ‘हार्फबझ’ नावाचा मुक्त प्रोग्रॅम करतो. ब्राउझरमध्ये ‘रिसोड’ सुबक दिसतं ते त्यामुळे. पण तोच मजकूर पीडीएफ दाखल्यात किंवा पावतीच्या छोट्या प्रिंटरवर गेला आणि तिथे ही जुळणी नसली, की वेलांटी ‘र’ सोडून ‘स’ला चिकटल्यासारखी दिसते. म्हणून पडद्यावर पाहून थांबू नये, छापूनही पाहावं.

युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांचा कारभार उलटा होता. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांनाच देवनागरी रूप चढवलेलं असे आणि टंकयंत्राच्या सवयीप्रमाणे ह्रस्व वेलांटी आधी टंकावी लागे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. असा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना अक्षरं बदलून भागत नाही, वेलांट्यांचा क्रमही फिरवावा लागतो.

मंगरूळपीर: अक्षरं सहा, खुणा नऊ

मं-ग-रू-ळ-पी-र. शाळेतलं पोर बोटांवर मोजून सहा सांगेल. जावास्क्रिप्टला लांबी विचारा, ती नऊ सांगते, कारण अनुस्वार, उकार आणि वेलांटी यांना ती स्वतंत्र खूण धरते. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. म्हणजे या एका नावाला २७ बाइट. नावाचा रकाना बाइटांत मोजून २० चा ठेवला असेल, तर नाव मध्येच तुटतं आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन उमटतो.

एसएमएसचं गणितही असंच. साध्या इंग्रजी संदेशात १६० अक्षरं मावतात. मराठीत लिहिला की मर्यादा ७० खुणांवर येते. ‘आपला अर्ज मंजूर झाला आहे’ एवढं सांगून वर गाव, तारीख आणि क्रमांक घातला, की एका संदेशाचे दोन होतात आणि पैसेही दोनाचे. मराठी संदेश मोजूनमापून लिहावा लागतो तो यासाठी. अक्षरं माणसासारखी मोजायची असतील, तर जावास्क्रिप्टमधली ‘सेगमेंटर’ ही सोय त्यासाठीच आहे.

मालेगाव आणि कारंजा: नावावरून ओळख नको

मालेगाव म्हटलं की महाराष्ट्राला नाशिक जिल्ह्यातलं यंत्रमागांचं शहर आठवतं. आमचं मालेगाव वेगळं. कारंजाचंही तसंच: नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान असलेलं कारंजा लाड आमचं, कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यातलं. माहितीसाठ्यात गावाची ओळख फक्त नावाने ठेवली, तर एकाचं पार्सल दुसऱ्याच्या दारात पडणार.

हे दुखणं इंटरनेटच्या फार आधीचं आहे. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते निरनिराळ्या लिप्यांत आणि टपाल वाटणारे हैराण. त्यावर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला आणि तो घडवणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. नाव माणसासाठी आणि क्रमांक यंत्रासाठी, हा त्यांचा धडा आजचा प्रत्येक माहितीसाठा गिरवतो. फॉर्ममध्ये आधी पिनकोड विचारला, तर जिल्हा आणि तालुका बहुतेकदा आपोआप भरता येतो आणि वेलांटीचा वादही टळतो.

वऱ्हाड: डोळ्याला एक, यंत्राला तीन

पाच तालुके झाले, मानोरा शेवटी घेऊ. आता ज्या प्रदेशात हे तालुके आहेत त्याचं नाव टाकून पाहू. ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ हिंदीवाल्यांना लागत नाही, मराठीला लागतो. तो टंकण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा, ‘र’ला नुक्ता देऊन पाय मोडायचा. तिसरा, साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारी जोडखूण ठेवायची. तिन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. पण पहिल्यात सहा खुणा असतात, उरलेल्या दोघांत सात.

युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन एक होतात, तिसरा बाहेरच राहतो. त्याच्यासाठी डेव्हलपरला वेगळी ओळ लिहावी लागते. ‘ॲप’ या शब्दाची तीच तऱ्हा. ‘ॲ’ हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवलं जाई. आजही काही कळफलक तसंच करतात. दोन्ही ‘ॲप’ एकसारखे दिसतात, पण एकाने शोधलं की दुसरा सापडत नाही.

हत्यारं फुकट, कष्ट आपले

या तपासणीला महागडं काही लागत नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेलं गिट प्रत्येक बदलाची वही ठेवतं. २०१५ पासून मिळणारा व्हीएस कोड हा एडिटर साध्या लॅपटॉपवर चालतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला ‘मुक्ता’ हा देखणा देवनागरी फॉन्ट मोफत आहे. फॉन्ट वापरताना दोन पथ्यं पाळावीत: ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं, नाहीतर रफार आणि उकार कापले जातात; अक्षरांमधलं अंतर वाढवू नये, नाहीतर शिरोरेषा तुटते.

सर्वांत दुर्लक्षित हत्यार क्रोमच्या आतच आहे. डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करता येतं. पुण्याच्या ऑफिसातल्या फायबरवर क्षणात उघडणारं पान ‘स्लो’ करून उघडा आणि कोऱ्या पडद्याकडे बघत बसा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हापासून शेतकरी सोयाबीनच्या किंवा तुरीच्या वावरात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि नोंद करतो. त्याच्या हातात फायबर नसतो, दूरच्या टॉवरची एखादी कांडी असते.

इथे मराठीच्या तीन बाइटांची भीती बाळगायचं कारण नाही. हा सगळा लेख तीस किलोबाइटांच्या आसपास बसेल. मोबाइलने काढलेला एकच फोटो त्याच्या शंभरपट भरू शकतो. वजन फोटोंचं आणि अनावश्यक स्क्रिप्टचं असतं. फोटो पाठवण्याआधी फोनमध्येच लहान करावा, अर्धवट भरलेला फॉर्म फोनमध्ये जपून ठेवावा आणि रेंज आली की पाठवावा. शेतकऱ्याला पहिल्यापासून पुन्हा भरायला लावू नये.

खेळ: फाशाला घाई नसते

रेंजची खरी पारख पोरांना असते, कारण ती गेम खेळतात. ‘पिंग’ म्हणजे आपल्या फोनचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. वाशीम ते मुंबई सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो; म्हणजे जाऊन-येऊन जेमतेम पाच मिलिसेकंद. सर्व्हर सिंगापूरला असेल तर प्रकाशालाच चाळीसच्या आसपास लागतात. प्रत्यक्षात आकडा याहून बराच मोठा दिसतो, कारण तार सरळ जात नाही आणि टॉवरवर गर्दी असते. पिंग एकसारखा मोठा असला तर खेळाडू जमवून घेतो; तो वरखाली झाला की नेम चुकतो.

म्हणून खेळाची जात महत्त्वाची. पब्जीसारख्या खेळात शंभर खेळाडूंच्या हालचाली सेकंदाला अनेकदा पोचाव्या लागतात. मुंबई परिसरातल्या गेमशनने २०१६ मध्ये आणलेल्या लुडो किंगमध्ये फासा कितीचा पडला आणि कोणती सोंगटी हलली, एवढंच कळवायचं असतं. निरोप एक सेकंद उशिरा आला तरी कुणाचं बिघडत नाही. २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघर खेळला गेला, त्यात या साधेपणाचा वाटा मोठा आहे.

पब्जीची मात्र धरसोड झाली. २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने पुनरागमन, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. याच सुमारास पुण्याच्या नॉडिंग हेड्सने ‘राजी’ (२०२०) आणि सुपरगेमिंगने ‘इंडस’ (२०२४) आणून दाखवला. गेम घडवणारी माणसं आपल्याकडेही आहेत.

पैसे लावून खेळायचे खेळ हा वेगळा विषय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांच्या खेळांवर बंदी आणली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आईबापांसाठी फरक सोपा आहे: खेळात वेळ जातो की पैसा लागतो, ते पाहावं. पैसा लागत असेल तर तो खेळ उरत नाही.

मानोरा: बोली मोडली की विनोद मेला

मानोरा हे नाव तांत्रिकदृष्ट्या निरुपद्रवी, कुठेच अडत नाही. इथली कसोटी नावाच्या पलीकडची आहे. याच तालुक्यात बंजारा समाजाचं पोहरादेवी आहे आणि तिथली गोरबोली बहुधा देवनागरीतच लिहिली जाते. वेबपानाच्या कोडमध्ये भाषेची खूण द्यायची असते: मराठीला ‘एमआर’, या बोलीला ‘एलएमएन’. पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम ती खूण पाहून आवाज निवडतो. लिपी एक म्हणून भाषा एक, असं धरलं की इथे फसगत होते.

इंटरनेटवरची करमणूक तर बोलीवरच जगते. ‘मीम’ हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये घडवला: एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात नकलेने पसरणारी गोष्ट. जून २०२२ मध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर बोलले आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ महाराष्ट्रभर पसरलं. आता ते ‘डोंगर’ आणि ‘हॉटेल’ असं शुद्ध करून वाचा. अर्थ तोच, गंमत गेली.

वऱ्हाडीचं तेच. ‘काऊन’ (म्हणजे ‘का’) लिहिलं की कळफलक ‘कावळा’ सुचवणार नाही कशावरून? ‘काळा’ला ‘काया’ आणि ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणारा माणूस चुकत नसतो, ती त्याची बोली आहे. बोलून टंकण्याच्या सोयी ज्या आवाजांवर शिकवल्या जातात, तेच उच्चार त्यांना कळतात. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पात मराठी आहे; तिथे कुणीही वाक्यं वाचून आपला आवाज देऊ शकतो. वाशीमच्या पोरांनी अर्धा तास दिला, तर यंत्राच्या कानावर वऱ्हाडी हेलही पडेल.

जाता जाता, कामाची यादी

वाशीम: दोन्ही वेलांट्यांनी शोधून पाहा.
रिसोड: कागदावर छापून पाहा.
मंगरूळपीर: रकान्यात पूर्ण मावतं का, ते पाहा.
मालेगाव आणि कारंजा: पिनकोडशिवाय पुढे जाऊ नका.
मानोरा: भाषेची खूण नीट द्या आणि बोलीला चूक ठरवू नका.
शेवटी ‘वऱ्हाड’ तिन्ही तऱ्हांनी टंका आणि नेटवर्क मंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

पाऊण तासाचं काम आहे. चहा त्यानंतर.