बिजागरीची कुरकुर

रात्री घर निजल्यावर दाराची कुरकुर जेवढी मोठी वाटते, तेवढी ती दिवसा वाटत नाही. आजारी माणसाचा नुकता लागलेला डोळा किंवा पाळण्यातील मुलाची झोप ह्या एका आवाजाने मोडते. परंतु झोपमोड हाच काही तिचा एकमेव उपद्रव नव्हे. कुरकुर ही बिजागरी झिजत असल्याची वर्दी होय. घाईने तेलाचे दोन थेंब सोडून ती बंद करणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून रोग्याचे कण्हणे तेवढे थांबविणे होय.

हा आवाज उत्पन्न कसा होतो? बिजागरीच्या दोन पात्यांच्या कडा नळीसारख्या वळविलेल्या असतात व त्यांतून एक खीळ गेलेली असते. दार हलले की नळी खिळीभोवती फिरते. फ्रेंच अभियंता शार्ल कुलोम ह्याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात घर्षणाचा सविस्तर अभ्यास मांडला. स्थिर वस्तू हलविण्यास लागणारे बल हे ती सरकू लागल्यावर लागणाऱ्या बलाहून बहुधा अधिक असते. कोरड्या बिजागरीत नेमके हेच आड येते. नळी खिळीला क्षणभर अडते, जोर वाढताच सुटते, पुन्हा अडते. हे अडणे-सुटणे सेकंदाला शेकडो वेळा झाले की कंप निर्माण होतो आणि दाराची रुंद फळी तो घरभर ऐकविते. सारंगीचा गज तारेवर ह्याच रीतीने बोलतो. तेथे घर्षण हवे म्हणून गजाला राळ लावतात, एवढाच भेद.

उपायापूर्वी आवाजाचे ठिकाण शोधावे. दार सावकाश हलवून प्रत्येक बिजागरीजवळ कान न्यावा. पावसाळ्यात लाकूड फुगून दाराची कड चौकटीला घासते. तो दोष बिजागरीचा नव्हे. कडेला खडू फासून दार लावले, की चौकटीवर घासण्याची जागा उमटते. मात्र भर पावसात रंधा चालवू नये. लाकूड वाळल्यावर तेथे फट पडते.

दोष बिजागरीचाच असेल, तर प्रथम सफाई करावी. खीळ निघणारी असल्यास दाराखाली पाचर घालून एका वेळी एकाच बिजागरीची खीळ काढावी. सर्व खिळी एकदम काढल्यास जड दार अंगावर येण्याचे भय असते. गंज बारीक पॉलिशकागदाने घासून खीळ फडक्याने पुसावी. खीळ ठोकून पक्की केलेली असल्यास नळीच्या सांध्यांवर वरून तेल सोडावे, दार अनेक वेळा उघडझाप करावे व बाहेर येणारा काळा मळ पुसत जावे.

तेलाची निवडही महत्त्वाची आहे. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते. तेव्हा नागपूर, इंदूर किंवा दिल्लीच्या थंडीत त्याचा भरवसा नाही. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून वाळते व चिकट थर धरते. रॉकेल मळ सोडविते, पण लवकर उडून जाते. शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल ह्या कामी उत्तम. खीळ काढता आली, तर तिला ग्रीजचा पातळ लेप अधिक टिकाऊ. तेल नसल्यास पेन्सिलीच्या शिशाची पूडही चालते. ते शिसे वस्तुतः ग्रॅफाइट असते आणि त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात.

एवढे करूनही आवाज परतला, तर स्क्रू तपासावेत. सैल स्क्रूमुळे दार कलते, खीळ वाकडी दाबली जाते आणि तेल टिकत नाही. स्क्रूचे भोक मोठे झाले असल्यास गूळ काढलेल्या आगकाड्या सरसात बुडवून त्यात ठासाव्यात आणि सरस वाळल्यावर स्क्रू पुन्हा आवळावा. नळीच झिजून रुंदावली असेल, तर मात्र बिजागरी बदलणे हाच मार्ग. पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा दारांची अशी विचारपूस केली, तर ही वेळ सहसा येत नाही.