शेवटचे दोन दगड

रशियाच्या महिला कर्लिंग संघाची स्किप, म्हणजे कर्णधार, म्हणून नाव कमावलेली आना सिदोरोवा मुळात फिगर स्केटिंग करणारी मुलगी. जन्म मॉस्कोचा, 6 फेब्रुवारी 1991 चा. शाळकरी वयात पायाला दुखापत झाली, स्केटिंग सुटले आणि गिरक्या घेणारी मुलगी दगड सरकवण्याच्या खेळात आली. रशियात हा खेळ तेव्हा नवखाच होता. रशियन महिला पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये कर्लिंग खेळल्या त्या 2002 मध्ये, सॉल्ट लेक सिटीला. स्कॉटलंड आणि कॅनडात आजोबा नातवाला जो खेळ शिकवतो, तो इथे पहिली पिढी शिकत होती.

कर्लिंग लांबून पाहणाऱ्याला बर्फावरचा कॅरम वाटतो, आणि ते अगदीच चूक नाही. साधारण 45 मीटर लांबीच्या पट्ट्याच्या टोकाला वर्तुळे आखलेली असतात. ग्रॅनाइटचा दगड सुमारे 18 ते 20 किलोचा. दोन्ही संघांचे आठ-आठ दगड टाकून होतात, तेव्हा एक एंड संपतो. असे दहा एंड. दगड कोणता आधी, कोणता नंतर, कुठे आडोसा उभा करायचा, कुणाचा दगड उडवायचा हे स्किप ठरवते आणि बहुतेक संघांत शेवटचे दोन दगडही तीच टाकते. आधीच्या सहा दगडांत झालेल्या चुका निस्तरायच्या त्या या दोन दगडांनीच.

दगड टाकण्याची कृती जवळून पाहिली, तर सिदोरोवाला स्केटिंगचा काय उपयोग झाला असेल याचा अंदाज येतो. उजव्या हाताचा खेळाडू उजवा पाय हॅक नावाच्या रबरी आधारात रोवतो. डाव्या बुटाच्या तळाला गुळगुळीत पट्टी असते. दगड किंचित मागे, मग पुढे; उजवा पाय रेटा देतो आणि सगळे शरीर डाव्या तळव्यावर, जवळजवळ बर्फाला टेकून, सुमारे 10 मीटर घसरत जाते. मागचा पाय नुसता ओढला जातो. खांदा जरा कलला तरी दगडाची दिशा बिघडते. हँडल घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या दिशेला धरलेले असते. सुटता सुटता ते बाराकडे वळते, आणि बोटे उघडतात. ठरलेल्या रेषेच्या आत हात सुटलाच पाहिजे. मोठ्या स्पर्धांत हँडलमधल्या यंत्राचा लाल दिवा लागला की दगड बाद.

पुढचे वीस-पंचवीस सेकंद दगड टाकणारीच्या हातात काही नसते, फक्त गळा असतो. बर्फावर आधीच पाण्याचे थेंब शिंपडून बारीक खडबडीतपणा आणलेला असतो. दोघी जणी दगडापुढे ब्रश घासत धावतात, पृष्ठभाग क्षणभर तापतो, घर्षण कमी होते, दगड आणखी पुढे आणि सरळ जातो. घासणे कधी सुरू करायचे, कधी थांबवायचे, याच्या आरोळ्या चालू असतात. दगड ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला वळतो. उलटा पेला टेबलावर फिरवत ढकलून पाहावा, तो बरोबर उलट वळतो. बर्फावर असे का होते यावर भौतिकशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. खेळाडू मात्र रोज त्याच्या जोरावर गुण मिळवतात.

सिदोरोवा पहिल्यांदा ऑलिंपिक संघात आली 2010 मध्ये, व्हँकुव्हरला, ल्युडमिला प्रिविव्कोवाच्या हाताखाली. नऊ सामने, तीन विजय, नववे स्थान. पुढे संघाची सूत्रे तिच्याकडे आली आणि 2012 मध्ये स्वीडनच्या कार्लस्टाडला रशिया युरोपचा विजेता झाला. त्या जोरावर 2014 च्या घरच्या, सोचीच्या ऑलिंपिककडून अपेक्षा वाढल्या. तिथे पुन्हा तेच: नऊ सामने, तीन विजय, नववे स्थान. त्या दिवसांत अनेक वृत्तपत्रांनी तिच्या दगडांपेक्षा तिच्या रूपावर जास्त शाई खर्च केली, हेही नोंदवायला हवे. एरवी नवव्या क्रमांकाच्या संघाकडे कोण पाहते?

पण खरी कारकीर्द त्यानंतरची. सोचीनंतर महिनाभरात, कॅनडाच्या सेंट जॉनला, याच संघाने जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. 2015 मध्ये सापोरोला पुन्हा कांस्य, 2016 मध्ये स्विफ्ट करंटला कॅनडालाच हरवून तिसऱ्यांदा कांस्य. मधल्या काळात, 2015 मध्येच, डेन्मार्कच्या एस्बिअर्गला दुसरे युरोपीय सुवर्ण. 2017 मध्ये बीजिंगला रशिया अंतिम सामन्यात पोहोचला. समोर होती रेचेल होमनची कॅनडा, स्पर्धेत एकही सामना न हरलेली. निकाल 8–3. सलग चार वर्षे जागतिक पदक, आणि तरी ऑलिंपिकच्या तक्त्यात दोन्ही वेळा तीन-तीनच विजय. हा तक्ता तिच्यावर अन्यायच करतो.

2018 च्या प्योंगचांगला ती गेलीच नाही. देशांतर्गत निवड चाचणीत व्हिक्टोरिया मोइसेयेवाचा संघ सरस ठरला. त्या संघाला दोन सामने जिंकता आले; स्थान पुन्हा नववे. एक महिन्याने त्याच मोइसेयेवाने जागतिक कांस्यपदक आणले, म्हणजे तिथेही जुनीच गोष्ट. 2021 मध्ये अलिना कोव्हालेवाचा संघ कॅलगरीला जागतिक रौप्यापर्यंत पोहोचला आणि स्वित्झर्लंडकडून हरला. 2022 मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर जागतिक कर्लिंग महासंघाने रशियन संघांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर ठेवले.