नवऱ्याला ‘कावीळ बी’ निघाली, आता बायकोने काय करायचे?

भीमजयंतीला वस्तीत रक्तदान शिबिर होते. पोरे उत्साहाने रक्त देतात. दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. मग एखाद्याला रक्तपेढीचा फोन येतो, “एकदा येऊन भेटा.” कधी गरोदर बाईच्या तपासणीतही हेच निघते. घरात पहिला प्रश्न पडतो, “हे आणलं कुठून?” आणि भांडण सुरू होते.

आधी हे समजून घ्या. हा विषाणू पुष्कळदा जन्माच्या वेळी आईकडून किंवा लहानपणीच अंगात शिरतो. वर्षानुवर्षे डोळे पिवळे होत नाहीत, काही दुखतही नाही. न उकळलेली सुई, गोंदण, दुसऱ्याचे ब्लेड यांतूनही तो येतो. म्हणून तपासणीचा कागद हा कुणाच्या चारित्र्याचा दाखला नाही.

जोडीदाराला धोका किती?

धोका खरा आहे. रक्त, वीर्य आणि योनीतील स्राव यांतून हा आजार पसरतो. दाढीचे ब्लेड, दात घासायचा ब्रश, नेलकटर एकत्र वापरू नका. अंगाबाहेरही हा विषाणू किमान ७ दिवस तग धरतो.

पण एका ताटात जेवल्याने, एका तांब्यातले पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने किंवा खोकल्याने तो लागत नाही. वेगळे ताट, वेगळा पेला हा अपमान आपल्या आजा-पणजांनी सोसला. तो आपल्याच घरात आणू नका.

काय करायचे?

पाबळच्या विज्ञान आश्रमाची स्थापना डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली केली. तिथे मुले शेती, वेल्डिंगबरोबर रक्तगट तपासायलाही शिकतात. म्हणजे बोटातून थेंबभर रक्त काढायची भीती या गावाला नाही. आता आणखी एक तपासणी करायची.

१. जोडीदाराची ‘एचबीएसएजी’ आणि प्रतिकारशक्ती दाखवणारी ‘अँटी-एचबीएस’ तपासणी करा. डॉक्टर आणखी एखादी सांगतील. लागण नुकती झाली असेल तर ती लगेच दिसत नाही, म्हणून पुन्हा कधी तपासायचे तेही विचारा.

२. लागण नसेल आणि प्रतिकारशक्तीही नसेल, तर लस घ्या. आज पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. ही लस देशभर बाळांच्या लसीकरणात २०११ पासून आली. म्हणून आज संसारात असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही.

३. तिन्ही डोस होऊन प्रतिकारशक्ती आल्याचे तपासणीत दिसेपर्यंत निरोध वापरा. ही तपासणी शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी करतात.

४. नुकताच संबंध आला असेल तर थांबू नका. लसीबरोबर द्यायचे एक वेगळे इंजेक्शन असते, ते १४ दिवसांच्या आत घ्यावे लागते.

आजारी माणसाने

प्रत्येकाला गोळी लागत नाही, पण यकृताची तपासणी नेमाने करावी लागते. गोळी सुरू झाली तर मनाने बंद करू नका. दारू पूर्ण सोडा. काविळीची माळ, झाडपाला यांनी हा विषाणू जात नाही.

आईला लागण असेल तर बाळंतपण दवाखान्यातच करा. बाळाला पहिल्या २४ तासांत लस आणि सोबतचे इंजेक्शन मिळाले, तर बहुतेक बाळे वाचतात. नाहीतर लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांना हा आजार कायमचा चिकटतो. मोठ्या माणसांत मात्र शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांचा तो कायम राहतो.

२८ जुलै २०१८ पासून सरकारचा राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात विचारा. तिथून पुढे कुठे जायचे ते सांगतील.

आणि जाताना एकट्याला पाठवू नका. दोघे मिळून जा.