हवा सोडून टायर वाचत नाही

मे महिन्यातली दुपार. छत्रपती संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाकडे निघताना वाटेत एका पंपावर हवा चेक करायला थांबलो होतो. माझ्या पुढे एक हॅचबॅक होती. मागच्या सीटवर आजी आणि दोन मुलं, टपावर ताडपत्रीनं बांधलेल्या बॅगा. गाडीचे मालक हवावाल्या मुलाला सांगत होते, “ऊन किती आहे बघ. ३३ नको, २७ ठेव. पुढं हवा फुगते आणि टायर फुटतो.” मुलानं नळी लावली आणि चारही टायरांतून सहा-सहा पॉइंट हवा फुस्स करून बाहेर गेली. मी उतरून म्हटलं, “काका, उलट करताय.” ते शांतपणे म्हणाले, “वीस वर्षं असंच करतोय, कधी काही झालं नाही.” मागे हॉर्न वाजायला लागले आणि ते निघून गेले. त्या दिवशी रांगेत उभं राहून जे सांगता आलं नाही, ते आज सविस्तर लिहितो आहे.

तापली की हवा फुगते, हे काकांचं म्हणणं खरंच आहे. चूक होते ती त्यापुढच्या पायरीवर. हिशोब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. सकाळी २५ अंशांना टायरमध्ये ३३ पॉइंट, म्हणजे ३३ पीएसआय हवा भरली. भर उन्हात चालून आतली हवा ६५ अंशांपर्यंत तापली असं धरा. दाब वाढून ३९-४० पॉइंटांवर जातो. ढोबळमानानं दर पाच-सहा अंशांमागे एक पॉइंट. आता टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत छापलेला कमाल दाब वाचा. कारच्या टायरवर तो बहुधा ४४ किंवा ५१ असतो, आणि धडधाकट टायर फुटायला लागणारा दाब त्याच्याही कितीतरी पुढे असतो. शिवाय गाडीच्या कंपनीनं ३३ हा आकडा ठरवताना ही वाढ गृहीत धरलेलीच असते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवरचा आकडा हा थंड टायरचा आकडा आहे.

मग उन्हाळ्यात टायर फुटतात ते कशानं? बहुतेक वेळा कमी हवेनं. बांधकामावरची बाइंडिंगची तार हातात घेऊन एकाच जागी भराभर पुढे-मागे वाकवून बघा. आधी ती जागा बोटांना चटका देते, मग तुटते. टायरच्या कडेचं तेच होतं. हवा कमी असली की जमिनीला टेकलेल्या जागी कड जास्त दबते, वर आली की पुन्हा सरळ होते. १८५/६५ आर १५ मापाचं चाक ताशी १२० किलोमीटर वेगाला सेकंदाला १७ फेऱ्या मारतं. म्हणजे मिनिटाला हजाराहून जास्त वेळा कडेची प्रत्येक जागा वाकते आणि सरळ होते. या वाकण्यातून निघणारी उष्णता रबराच्या पोटात साठते, थरांची पकड सुटते आणि एका क्षणी टायर उलगडतो. बाहेरचं ऊन त्यात भर घालतं इतकंच.

गाडीत माणसं आणि सामान भरलेलं असेल तर दाब आणखी वाढवायचा असतो. दारावरच्या त्या पट्टीवर बऱ्याच गाड्यांत दोन आकडे दिलेले असतात, कमी भाराचा आणि पूर्ण भाराचा. काकांच्या गाडीला त्या दिवशी दुसरा आकडा हवा होता. त्यांनी पहिल्यातूनही सहा पॉइंट काढून टाकले होते.

समृद्धीबद्दल दुसरी समजूत अशी, की काँक्रीटच टायर फोडतं. रस्ता ७०१ किलोमीटरचा, कारला १२० ची मर्यादा, लांबच लांब सरळ पट्टे. गावागावातून जाणाऱ्या रस्त्यावर गतिरोधक, वळणं, चहाचे थांबे येतात आणि टायरला थंड व्हायला वेळ मिळतो. इथे तो मिळत नाही. शहरात ४० च्या वेगाला दोन वर्षं निभावलेला, कडेला भेगा पडलेला टायर इथे तासाभरात आपली खरी अवस्था दाखवतो. २०२३ मध्ये परिवहन विभागानं या महामार्गावर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या अडवल्या, त्यामागचं कारण हेच. दोष काँक्रीटवर टाकला की आपली जबाबदारी संपते, म्हणून ही समजूत लोकांना सोयीची वाटत असावी.

तिसरी समजूत नायट्रोजनची. “नायट्रोजन भरलाय, आता बघायची गरज नाही.” आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तापल्यावर तोही साध्या हवेइतकाच फुगतो. त्याचा खरा फायदा एवढाच, की तो कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं टायर वर्षभर ठेवून मोजले, तेव्हा साध्या हवेचे टायर सरासरी ३.५ पॉइंट उतरले आणि नायट्रोजनचे २.२. वर्षात सव्वा पॉइंटाचा फरक. भरायला हरकत काहीच नाही, वाटेत साधी हवा मिसळली तरी बिघडत नाही. पण दर पंधरा दिवसांनी साधी हवा तपासणारा माणूस वर्षभर नायट्रोजनच्या भरवशावर राहणाऱ्यापेक्षा सुरक्षित आहे.

हवा तपासायची ती टायर थंड असताना. गाडी तीनेक तास उभी असावी किंवा एक-दीड किलोमीटरच चाललेली असावी. लांबचा प्रवास करून पंपावर गेलात आणि ३८ दिसले म्हणून पाच पॉइंट सोडले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो टायर २८ वर आलेला असेल. गरम टायरमधून हवा कधीच सोडू नका. कडेवर छापलेला ४४ चा आकडाही भरायचा दाब नव्हे, ती टायरची मर्यादा आहे. डॅशबोर्डवर टायरचा दिवा असलेल्या गाड्यांचे मालक निर्धास्त असतात, पण बऱ्याच गाड्यांत तो दिवा हवा २०-२५ टक्के उतरल्यावर लागतो. ३३ चे २६ होईपर्यंत तो गप्प राहू शकतो. चार-पाचशे रुपयांचा गेज डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला की अंदाजावर राहावं लागत नाही.

आता पावसाळ्याकडे येतो. प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. अशा चार तळहातांवर सगळं कुटुंब बसलेलं असतं. रस्त्यावर पाणी साचलं की ते बाहेर फेकण्याचं काम नक्षीतल्या खाचा करतात. नव्या टायरला त्या ७-८ मिलिमीटर खोल असतात. आपल्याकडची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचेच्या तळाशी रबराचा बारीकसा उंचवटा असतो. नक्षी घासून त्याच्या पातळीला आली, की टायर संपला. “अजून पाच हजार किलोमीटर सहज जाईल” हे वाक्य मी टायरच्या दुकानात नेहमी ऐकतो. कोरड्या रस्त्यावर जाईलही. पण जुलैत, बोरघाट उतरताना, त्या गुळगुळीत टायरखालचं पाणी बाहेर जायला वाटच नसते. गाडी पाण्याच्या थरावर तरंगते आणि स्टेअरिंग हातात असूनही गाडी हातात राहत नाही. पावसाळ्यासाठी मी ३ मिलिमीटरलाच टायर बदलायला सांगतो. खर्च थोडा आधी होतो, होऊ द्या.

त्यातच जवळजवळ प्रत्येक दुकानात होणारी एक चूक आहे. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते पुढे बसवले जातात, कारण “इंजिनची ताकद पुढच्या चाकांना असते”. टायर कंपन्यांचा सल्ला याच्या नेमका उलट आहे. नवे टायर मागे लावायचे आणि मागचे बरे असतील ते पुढे आणायचे. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, आणि ॲक्सिलरेटर सोडला की पकड परत येण्याची संधी असते. मागची पकड सुटली तर गाडीचं शेपूट फिरतं आणि सराईत ड्रायव्हरलाही ती सावरणं अवघड जातं.

मागच्या दिवाळीत गावी निघण्याआधी मी अलाइनमेंटला गेलो होतो. गाडी एका बाजूला ओढत होती, एवढीच तक्रार. कारागिरानं पुढचं डावं चाक उतरवलं, आडवं ठेवलं आणि आतल्या कडेवरून तळहात फिरवत आला. एका जागी थांबला. काही न बोलता माझा हात धरून तिथे ठेवला. अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. मग आठवलं, गणपतीत एका खड्ड्यात चाक आदळून रिमचा दणका बसला होता. तेव्हापासून दोन महिने मी त्याच टायरवर मुलांना शाळेत सोडत होतो. फुगवटा म्हणजे कडेतले धागे तुटलेले असतात आणि हवा फक्त रबराच्या पातळ थरानं धरून ठेवलेली असते. “थोडी हवा कमी करून चालवा”, “आतून पॅच मारून देतो”, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. कडेवरच्या फुगवट्याला आणि कडेतल्या पंक्चरला दुरुस्ती नाही. नक्षीच्या मधल्या भागात सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्यावा. बाहेरून खुपसलेली पट्टी मुक्कामापर्यंत पोहोचायला ठीक आहे.

टायर निवडताना रुंदीचा मोह फार असतो. १८५ च्या जागी १९५ घेतला की गाडी भारदस्त दिसते. पण १८५/६५ आर १५ च्या जागी १९५/६५ आर १५ लावला तर चाकाचा व्यास दोन टक्क्यांनी वाढतो आणि काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो. मायलेज घटू शकतं, वळणावर टायर आतून घासण्याची शक्यता असते. मापानंतरचे आकडे तर कोणी वाचतच नाही. ८८ एच म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो आणि ताशी २१० ला झेपतो. स्वस्तात मिळाला म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी भाराचा टायर घेऊ नका. आयएसआयची खूण बघा.

जन्मतारीखही बघा. कडेवरच्या लांबलचक कोडमधले शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ ३२२५, म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. पाच-सहा महिने गोदामात राहिलेला टायर वाईट नसतो, त्यासाठी दुकानदाराशी भांडू नका. तीन-चार वर्षांचा ‘नवा’ टायर मात्र सरळ नाकारा. आणि कमी चालणाऱ्या गाडीचे मालक म्हणतात ना, “नक्षी कोरी आहे, आठ वर्षं झाली तरी”, त्यांनी कडेजवळ बॅटरी धरून भेगा शोधाव्यात. रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी हवी, आणि दहा वर्षांनंतर टायर कितीही छान दिसला तरी काढून टाकायचा. बऱ्याच कार कंपन्या सहाव्या वर्षीच बदलायला सांगतात.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एकच समजणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी एका बाजूला ओढते किंवा टायरची एकच कड घासते ती अलाइनमेंट बिघडल्यानं, आणि ८०-९० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं ते बहुधा बॅलन्सिंगमुळे. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी होती, मधला पट्टा घासला असेल तर जास्त होती.

राहिली स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लनेथली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाक विकायला सुरुवात झाली. आज कितीतरी गाड्यांत ती मुख्य चाकांपेक्षा लहान असते आणि तिच्यावर ८० ची वेगमर्यादा छापलेली असते. समृद्धीवर ती लावून १२० ला जायचं नाही, पुढच्या एक्झिटला उतरून मूळ टायर दुरुस्त करून घ्यायचा. तिचीही हवा झिरपते, तिचंही रबर म्हातारं होतं. शेवटची कधी तपासली होती ते आठवत नसेल, तर उद्या सकाळी गाडी सुरू करायच्या आधी डिकी उघडा आणि गेज लावून बघा.