शववाहिकेचा विमा : काटकसर कुठे नको?

आपल्या वस्त्यांमध्ये वर्गणी काढून शववाहिका घेतली जाते. गाडीचा खर्च एकदाच, विम्याचा हप्ता मात्र दरवर्षी. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पैसे वाचवायला आपण अनेकदा मालवाहू टेम्पोच वापरतो. धोका इथेच आहे. टेम्पोत मागे बसलेले नातेवाईक सक्तीच्या विम्यात येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. अपघात झाला, तर भरपाई गाडीमालकाच्या, म्हणजे आपल्या विहार समितीच्या अंगावर येते. म्हणून गाडीची नोंदणी शववाहिका म्हणूनच करूया. चालक आणि सोबत बसणारे यांचे संरक्षण पॉलिसीत लिहून घेऊया. हप्त्याचे पैसे वर्षावासातच बाजूला काढूया. दुःखात असलेल्या कुटुंबावर दुसरे संकट नको.